तांदूळ की रोबो

वाळूजच्या कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मी घरात असा काही उच्छाद मांडला की माझ्या थोरल्या जाऊबाईंनीच मला कामाला लावायचं ठरवलं. आम्ही हर्सूलला एकाच घरात राहतो, त्या खाली आणि आम्ही वर. त्या मुलींच्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहेत आणि तो हुद्दा त्यांनी घरात आल्यावरही कधी चपलांसोबत दाराबाहेर काढून ठेवलेला नाही. मी आयुष्यभर गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल केली. यंत्र बंद पडलं की माझा पारा चढायचा, चालू झालं की उतरायचा. घरी बंद पडण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे पारा नुसता चढलेलाच असायचा. एकदा मी त्यांचा चांगला चालू असलेला फ्रीज "जरा आवाज येतोय" म्हणून मागून उघडला, तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "शाळेत एक खोकं पडलंय. कुणीतरी भेट दिलंय, रोबो बनवायचं सामान आहे म्हणे. नववीच्या पोरी घे आणि काय करायचं ते कर. माझ्या फ्रीजला हात लावू नकोस."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. ऑफिसला लागून एक खोली होती, पूर्वी तिथं शिवणाचा वर्ग भरायचा. आत एक लांब टेबल, एक खिडकी आणि ते खोकं. पाच मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांतली एक आधीच बोलत होती, म्हणजे मी दारात पोचायच्या आधीपासून. तिनं स्वतःला कॅप्टन नेमलं होतं आणि बाकीच्यांनी कंटाळून होकार दिला होता. तिच्या शेजारची एक काहीच बोलत नव्हती, ती खोक्यावरच्या चित्रातली वायर कुठून निघून कुठं जाते ते बोटानं माग काढत बघत होती. तिला मी मनात वायरवाली म्हणायला लागले. उरलेल्या तिघी कॅप्टनच्या बाजूला की वायरवालीच्या, हे दर दिवशी सकाळी नव्यानं ठरायचं.

खोकं उघडलं. चार चाकं, चार मोटारी, एक रिमोट, बॅटरीचे दोन पॅक, आणि प्रत्येक वस्तूवर पातळ प्लॅस्टिक चिकटवलेलं. मी पहिलं प्लॅस्टिक ओढायला घेतलं तर पाचही जणी माझ्या अंगावर आल्या.

"मॅडम, काढू नका. नवं हाये."

मी त्यांना सांगितलं की प्लॅस्टिक काढल्याशिवाय वस्तू वापरात येत नाही. कॅप्टन म्हणाली, तिच्या काकाच्या घरच्या सोफ्यावर पाच वर्षं प्लॅस्टिक आहे आणि सगळे त्यावरच बसतात, उन्हाळ्यात चिकटतं, पण सोफा बघा कसा नवाकोरा आहे. माझ्या स्वतःच्या बैठकीतल्या टीव्हीच्या रिमोटवर पिशवी बांधलेली आहे हे मला आठवलं आणि मी जास्त ताणलं नाही. तडजोड झाली. चाकांवरचं निघालं, बाकीचं राहिलं. बॅटरीच्या झाकणावर तर त्यांनी घरून आणून आणखी एक थर चढवला.

आठवडाभरात सांगाडा उभा राहिला. चेंडू उचलायला पुढं काहीतरी फावड्यासारखं हवं होतं. खोक्यात होतं ते इतकं लहान की त्यात बोरसुद्धा मावलं नसतं. मी घरी जाऊन जाऊबाईंची केर भरायची निळी सुपली उचलून आणली. ती सुपली त्यांनी तीन दिवस शोधली आणि मोलकरणीवर संशय घेतला, हे मला नंतर कळलं.

पहिल्यांदा रोबो चालवला तो दिवस मी विसरणं शक्य नाही. वायरवालीनं रिमोट हातात घेतला, पुढं जायचं बटण दाबलं, आणि तो गडी जागच्या जागी गरगर फिरायला लागला. एका बाजूच्या मोटारींच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या. सुपली वर करून तो असा फिरत होता जसा फुगडीला जोडीदारीण मिळत नाही म्हणून एकटाच फिरतोय. आधी कॅप्टन हसली, मग सगळ्या हसल्या, मग त्यातली एक त्याच्याभोवती फिरायला लागली, मग सगळ्याच. कंपनीत असं झालं असतं तर मी तिघांना तरी झापलं असतं. इथं मी टेबलाला धरून इतकी हसले की माझ्या पोटात कळ आली. जाऊबाई ऑफिसातून उठून आल्या, दारातून आत बघितलं, सुपली बघितली आणि परत गेल्या.

वायरी सरळ केल्या आणि रोबो पुढं जाऊ लागला. तिथून आमची खरी अडचण सुरू झाली. ती यंत्राची नव्हती. आमच्या भागात दारात आलेल्या माणसाला तसंच जाऊ देत नाहीत, चहा झाल्याशिवाय तर नाहीच. आमची खोली ऑफिसशेजारी. शाळेत दिवसभर कुणी ना कुणी येतच असतं. दाखला न्यायला आलेले पालक, पोस्टमन, खडूची खोकी घेऊन आलेला दुकानदार. ऑफिसात त्यांना बसवलं जायचं आणि चहा येईपर्यंत कॅप्टन दारात हजर व्हायची.

"काका, चहाला येळ हाये. तंवर रोबो बघता का?"

कोण नाही म्हणणार. काका यायचे, रोबो चेंडू उचलायचा, काका म्हणायचे, अजून एकदा. कन्नडहून भाचीचा दाखला न्यायला आलेले एक पागोटेवाले मामा तर टेबलाशी ठाण मांडून बसले. त्यांनी चार वेळा चेंडू उचलायला लावला आणि मग विचारलं, "हे कापूस येचंल का?"

"येचंल की," कॅप्टन म्हणाली. "पण आधी चेंडू येचू द्या त्याला."

"मग पुढच्या साली घिऊन या शेतात. जीपचं भाडं मी देतो."

ते गेल्यावर आमचा सराव सुरू व्हायचा आणि बॅटरी दुसऱ्याच फेरीला मान टाकायची. एक पॅक चार्ज व्हायला दोन तास. दुसराही पाहुण्यांनी संपवलेला. मी चिडले. "पोरींनो, बॅटरी म्हणजे काय बिस्किटाचा पुडा आहे का, आला माणूस की काढला समोर?"

कॅप्टनला माझा राग खरंच कळला नाही. "मॅडम, आलेल्या माणसाला नाय कसं म्हणायचं?" तिनं अगदी साधेपणानं विचारलं. मी दोन्ही पॅक रोज संध्याकाळी घरी नेऊन स्वतः चार्जिंगला लावायला लागले.

आणि मग घुशी आल्या. पोषण आहाराचा तांदूळ ज्या कोठीत असायचा तिची भिंत त्यांनी पोखरली. जाऊबाईंनी रात्रीच्या जेवणाला मला खाली बोलावलं, पिठलं वाढलं आणि सांगितलं की तांदळाला कोरडी, पक्क्या भिंतींची खोली पाहिजे आणि त्यांचं ऑफिस सोडलं तर तशी शाळेत एकच आहे.

"ताई, त्या खोलीत आमचं काम चाललंय."

"तांदूळ अर्ध्या शाळेच्या पोटात जातो. तुझा रोबो कुणाच्या पोटात जातो?"

मला राग आला, कारण त्या बरोबर बोलत होत्या. मी ताटावरून उठणारच होते, पण पिठलं चांगलं झालं होतं. मी म्हणाले, निदान पंधरा दिवसांवर आलेली शाळांची स्पर्धा तरी होऊ द्या. शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती भरणार होती. रिंगणाच्या एका टोकाला चेंडू, दुसऱ्या टोकाला टोपली, तीन मिनिटं.

त्यांनी थोडा विचार केला. "होऊ दे. तिथं एक चेंडू टोपलीत टाकून दाखवा, खोली तुमची. नाही पडला तर सोमवारी पोती आत. मग माझ्यासमोर तोंड वाकडं करून यायचं नाही."

"नंबर नको?"

"नंबराचं कोण बोलतंय. एक चेंडू. आणि मी बघायला येणार. अशा गोष्टी मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकत नाही."

दुसऱ्या दिवशी मी मुलींना सगळं सांगितलं. मी समजूत घालायला लागले, की खोली गेली तरी सामान घरी नेता येईल, माझ्या गच्चीवर काम करू. तेव्हा वायरवाली बोलली. महिनाभरात तिचं इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मॅडम, घरी न्यायला काय नाय. पण आमच्या घरात एक वस्तू खाली ठिवली की कुणीतरी उचलतंय. झोपायला जागा करायची असती ना. इथं आपण जसं टाकून जातो तसंच दुसऱ्या दिवशी ऱ्हातं. मला त्ये लई आवडतं."

ती पुन्हा वायरीकडे वळली. मी चष्मा पुसत बसले. माझ्या आयुष्यात मला नेहमी एक टेबल होतं, कंपनीत माझ्या नावाचं, आणि ते कुणी आवरलं की मी आकाशपाताळ एक करायचे. ते टेबल नसलेल्या मुलीबद्दल मी कधी विचारच केला नव्हता. त्या क्षणी मी ठरवलं की तो चेंडू टोपलीत गेलाच पाहिजे, मग मला स्वतःला रिंगणात लोळावं लागलं तरी चालेल.

आम्ही सराव केला तो काय विचारता. कॅप्टननं पाहुण्यांवर बंदी घातली, म्हणजे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी गॅसवाला आला. तरी पण वायरवालीचा हात असा बसला की ती डोळे मिटूनही सुपली टोपलीच्या काठाला नेऊन टेकवायची. पाचपैकी चार चेंडू सहज पडायचे. शुक्रवारी पाचही पडले आणि मी माझ्या खर्चानं सगळ्यांना कचोरी खाऊ घातली.

शनिवारी आम्ही व्हॅननं कॉलेजात पोचलो. जाऊबाई पुढच्या सीटवर, मांडीवर पर्स. सभागृहात शेजारी शेजारी दोन रिंगणं मांडली होती आणि दोन्हीकडे एकाच वेळी एकेक संघ खेळणार होता. आम्हाला टेबल दिलं ते नेमकं लाउडस्पीकरखाली. मी आयोजकांशी भांडायला गेले. भांडण छान रंगलं, मला बऱ्याच दिवसांनी मनाजोगता माणूस भेटला होता. टेबल बदलून घेऊन मी विजयी मुद्रेनं परत आले तर आमच्या टेबलावर बॅटरीचा एकच पॅक.

"दुसरा कुठंय?"

"त्येंना दिला." कॅप्टननं शेजारच्या टेबलाकडे हात केला. तिथं पैठणचा संघ होता, धुळीनं माखलेली चार मुलंमुली. त्यांची एसटी वाटेत बंद पडली होती, आदल्या रात्री गावात वीज नव्हती, त्यांची बॅटरी थंडगार. आमच्यासारखंच खोकं त्यांनाही भेट मिळालेलं, पॅक तंतोतंत बसला.

माझं डोकं फिरलं. "अगं, मला विचारायचं नाही?"

"मॅडम, ते पार पैठणहून आलेत," कॅप्टन म्हणाली.

मी म्हणाले, बरं, आपला पॅक तरी भरलेला आहे ना. पाचही जणींनी एकमेकींकडे बघितलं. मी भांडत होते तेवढ्या वेळात कॉलेजच्या रखवालदारानं रोबो बघितला होता. कँटीनच्या दोन मावश्यांनी बघितला होता. पैठणच्या मुलांनी तर बघितलाच होता, पाहुणेच ते. मी डोक्याला हात लावून खाली बसले आणि मला हसू फुटलं. रडायला हवं होतं, पण हसूच येत राहिलं. पॅक चार्जिंगला लावायला जावं तोवर माइकवर आमच्या शाळेचं नाव पुकारलं. दुसऱ्या रिंगणासाठी पैठणचं.

शिट्टी वाजली. रोबो निघाला. वायरवालीनं पहिलाच चेंडू असा अलगद सुपलीत घेतला की मागं बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो टोपलीकडे निघाला, अर्धं अंतर झालं, मग चाल मंदावली. मग आणखी मंदावली. टोपलीपासून हातभर अंतरावर त्यानं सुपली उचलायचा प्रयत्न केला, सुपली थरथरली आणि सगळंच थांबलं. वायरवाली बटण दाबत राहिली. जाऊबाई पहिल्या रांगेत सरळ बसून बघत होत्या.

शेजारच्या रिंगणात पैठणनं चौथा चेंडू टाकला होता. त्यांच्यातल्या एका मुलीनं मान वळवून आमच्याकडे बघितलं. पाचवा चेंडू तिथंच पडलेला असताना त्यांनी आपला रोबो उचलला, पॅक उपसून काढला आणि चौघंही आमच्या रिंगणाकडे पळत सुटले. एकाची चप्पल मध्येच राहिली.

"घ्या, घ्या, लवकर घ्या."

पंच म्हणाले, बॅटरी बदलता येईल, पण रोबो परत सुरुवातीच्या रेषेवर, चेंडू परत जागेवर, आणि घड्याळ थांबणार नाही. कॅप्टननं रोबो आणला, वायरवाली गुडघ्यावर बसली आणि झाकण उघडेना. ते प्लॅस्टिक. दोन थर, कडेनं चिकटपट्टी. मी रिंगणाच्या दोरीबाहेरून ओरडत होते, "फाडा ते, फाडा." आपल्या हातानं नवं प्लॅस्टिक फाडायचं म्हणून पाचही जणींचा जीव क्षणभर अडला, खोटं सांगत नाही, मी ते डोळ्यांनी बघितलं. मग वायरवालीनं दातानं टराटरा फाडलं.

रोबो असा सुटला की मला त्याच्या मोटारींची काळजी वाटली. चेंडू घेतला. सगळं सभागृह उभं राहिलं, पैठणवाले, कँटीनच्या मावश्या, तो रखवालदार. "डावीकडं घे", "नाय, सरळ जाऊ दे", ज्याला जे वाटेल ते तो ओरडत होता. टोपली आली. सुपली वर गेली, कलायला लागली, आणि शिट्टी वाजली. वायरवालीचा अंगठा बटणावरून उठला नाही. चेंडू सुपलीच्या काठावर आला, जरा रेंगाळला आणि टोपलीत पडला.

मी नाचले. माझ्या गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी मला उड्या मारायची बंदी केली आहे, तरी मी नाचले. पैठणची मुलं आमच्या मुलींच्या गळ्यात पडली. त्या गोंधळात पंचांनी हात आडवा केला आणि फळ्यावर आमच्या नावापुढं शून्य मांडलं. शिट्टी आधी वाजली होती.

परतताना व्हॅनमध्ये आधी कॅप्टनचीच बडबड चालली होती. वायरवालीनं मला हळूच विचारलं, "मॅडम, जरा आधी पडला असता तर झालं असतं ना?" मी हो म्हणाले. हर्सूल जेलची भिंत लागली, शाळा आली, जाऊबाई उतरल्या आणि मुलींना फक्त एवढंच म्हणाल्या की घरी पोचल्यावर फोन करा. रविवारी मी खाली गेलेच नाही. मला त्यांच्याशी भांडायचं होतं आणि भांडायला मुद्दा नव्हता.

सोमवारी मी लवकर शाळेत गेले, खोली आमची आम्हीच रिकामी केलेली बरी म्हणून. मुली आधीच आल्या होत्या. कुणीही आत गेलं नव्हतं, दारातच उभ्या होत्या. फाटकातून तांदळाचा टेंपो आत आला. हमालानं पहिलं पोतं पाठीवर घेतलं आणि विचारलं, "मॅडम, कुठं टाकू?"

"माझ्या ऑफिसात," जाऊबाई म्हणाल्या.

मला वाटलं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मी पुढं होऊन म्हणाले, "ताई, चेंडू शिट्टीनंतर पडला."

"पडला ना? मी चेंडूचं बोलले होते. शिट्टी त्या लोकांची होती." आणि हमालाला म्हणाल्या, "भिंतीला चिकटवून लाव, अधेमधे नको."

मुलींना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा कॅप्टन किंचाळली आणि पाचही जणी खोलीत घुसल्या. मी बाहेरच राहिले. पोत्यामागून पोतं आत जात होतं. ऑफिसातलं कपाट झाकलं गेलं, पाहुण्यांच्या खुर्च्या बाहेर आल्या, शेवटी खिडकीची खालची अर्धी बाजूही गेली. जाऊबाई हातात किल्ल्या घेऊन दारात उभ्या होत्या आणि आपल्याच टेबलापर्यंत कसं पोचायचं ते बघत होत्या. पंचवीस वर्षं एका छपराखाली राहून ही बाई मला मनापासून आवडते, हे मला तिथं, त्या पोत्यांच्या धुळीत उभी असताना कळलं. तोंडानं ते सांगायची माझी काही हिंमत झाली नाही. मी पदर खोचला, मधलं एक पोतं ओढून बाजूला केलं आणि त्यांना त्यांच्या खुर्चीपर्यंत वाट करून दिली.